२९ इंची युनिसायकल: आधी ब्रेक घ्यावा की आधी वजन उतरवावं?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी,

सायकलिंगच्या मोठ्या धाग्यात युनिसायकलचा प्रश्न टाकला की तो गिअर आणि ग्रुपसेटच्या चर्चेत बुडून जातो, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझी युनि (एकचाकी सायकल) २९ इंची आहे. क्रोमोली स्टीलची फ्रेम, आयसिस स्प्लाइनचा (खाचांच्या आसाचा) हब, १५० मिमी क्रँक, ३६ स्पोकची डबल वॉल रिम, तारेच्या बीडचा (घडी न होणारा) २.३५ इंची टायर, साधी ब्यूटिल ट्यूब. घरच्या काट्यावर ६.९ किलो भरते. ब्रेक नाही. फ्रेमवर मगुरा कंपनीच्या रिम ब्रेकचे माउंट आहेत, डिस्क कॅलिपरचा टॅब मात्र नाही.

राहतो पुण्यात, वारज्याला. आठवडाभर एनडीएकडचा रस्ता आणि जमेल त्या रविवारी सिंहगडाचा घाट. चढताना धाप लागते त्याची तक्रार नाही. उतरताना मात्र अर्ध्या घाटातच मांड्या थरथरायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरणं नको होतं.

बजेट २५ हजारांच्या आसपास. डोक्यातली यादी: कार्बन सीटपोस्ट, टायटॅनियमचे बोल्ट, हलके पेडल, अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, हलका टायर आणि ब्रेक. सगळं बसणार नाही हे उघड आहे. सुरुवात कशाने करू? घाटात युनि चालवलेल्यांचं मत जास्त हवंय.

---

सह्यवेडा

ब्रेक. बाकीची यादी पुढच्या वर्षी.

---

कात्रजचा_गणिती

सह्यवेडांशी सहमत, पण का ते आकड्यांत लिहितो, म्हणजे पैसे कुठे घालायचे हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

युनिला फ्रीव्हील नसतं. क्रँक थेट हबला जोडलेले, त्यामुळे चाक फिरलं की पाय फिरणारच. उतारावर तुम्ही बसून राहू शकत नाही, प्रत्येक फेऱ्यात वर येणाऱ्या पेडलला मागे दाबून धरावं लागतं. म्हणजे घाट उतरताना सुटणारी सगळी ऊर्जा तुमच्या मांड्या गिळतात.

किती? तुम्ही ७० किलो आणि युनि ७, असे ७७ किलो धरू. सिंहगडाचा गाडीरस्ता साधारण ९ किमीचा आणि उंचीतला फरक ६०० मीटरच्या आसपास. म्हणजे सुमारे साडेचार लाख ज्यूल. टायरच्या घर्षणात यातले पंधराएक टक्के जातात. या वेगात हवेचा अडथळा जवळजवळ नाहीच. तुमचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.३३ मीटर जातो, तेव्हा मिनिटाला ९० फेऱ्यांनी ताशी १२ ते १३ किमी. उतरायला पाऊण तास लागला तर सरासरी १४० वॅटच्या आसपासचं उलटं काम पायांवर येतं, आणि तेही पावणेचार हजारांवर फेऱ्यांत वाटलेलं. चढताना जितकं काम करता, त्याच्या जवळपास पाऊणपट उतरतानाही.

आता वजन. जिवाचा आटापिटा करून अर्धा किलो काढलात तर एकूण ७७ किलोत फरक पाऊण टक्क्याहूनही कमी. तासाभराच्या चढात वाचणार वीस-पंचवीस सेकंद. उतारावरचा भार तसाच.

ब्रेक मात्र तो भार थेट उचलतो. ७ टक्क्यांच्या उतारावर टायरला मागे धरायला सुमारे ५३ न्यूटन जोर लागतो. १५० मिमी क्रँकच्या टोकाला तो सरासरी १३० न्यूटन होतो, म्हणजे तेरा किलोच्या आसपास, सतत. क्रँक आडवा असतानाच खरा जोर लागू पडतो, उभा असताना नाही, त्यामुळे प्रत्यक्षातला कमाल जोर याच्या दीडपट. वळणांवर उतार तीव्र होतो तिथे आणखी. यातला अर्धा जरी ब्रेकने घेतला तरी गडाच्या पायथ्याशी तुमचे पाय तुमच्याच ताब्यात असतील.

---

फिजिओ_मृणाल

वरचा हिशोब पाहून माझ्या बाजूची भर घालते. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना तोच स्नायू लांबत असताना भार धरतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाने स्नायूच्या तंतूंना जास्त इजा होते आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. जिना उतरताना त्रास होतो म्हणता, ते याच चित्रात बसतं.

गुडघ्याची वाटी हा वेगळा विषय आहे. गुडघा जितका जास्त वाकलेला असताना भार येईल, तितका वाटीमागचा दाब वाढतो. म्हणून कुठलाही पार्ट मागवण्याआधी सीटची उंची बघा. टाच पेडलवर ठेवून पेडल सगळ्यात खाली नेलंत तर गुडघा जवळपास सरळ व्हायला हवा. चवडा ठेवल्यावर आपोआप हलकासा वाक राहतो. शिकताना भीतीपोटी खाली ठेवलेली सीट पुष्कळ जणांची तशीच राहून जाते.

आणि दुखणं स्नायूत न राहता वाटीच्या भोवती, सूज किंवा अडकल्यासारखं असेल, तर धाग्यावर सल्ला न घेता तपासून घ्या.

---

स्पोकवाला_नाना

ब्रेक हवा हे ठरलंच आहे, तर मी वजनाच्या यादीवर बोलतो. चाकं बांधण्यात आयुष्य गेलंय, तेव्हा थोडं लांबेल.

कार्बन सीटपोस्ट: सोडून द्या. युनिची सीट चार बोल्टच्या प्लेटवर बसते, सायकलच्या सीटसारखी रेलवर नाही. सायकलचा कार्बन पोस्ट लावायचा तर मध्ये अ‍ॅडॅप्टर आला, आणि वाचलेलं वजन त्याने परत खाल्लं. शिवाय युनिवर आपण सीटचं हँडल वर ओढतो, पडलो की सीट आपटते. कार्बनला हे दोन्ही मानवत नाही. त्यापेक्षा तुमचा पोस्ट फ्रेममध्ये किती खोल जातो ते बघा. किमान आत असायला हवी ती खूण सांभाळून, शिवाय पुढे सीट वर घ्यायची झाली तर तेवढी सोडून, उरलेला तुकडा हॅक्सॉने कापा, कानस मारा. खर्च शून्य.

टायटॅनियमचे बोल्ट: सगळे मिळून वीस-तीस ग्रॅम. बेअरिंग कॅपचे बोल्ट स्टीलचेच बरे.

पेडल: इथे गंमत अशी की पिना असलेले चांगले नायलॉनचे पेडल स्वस्तातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पेडलपेक्षा बरेचदा हलके असतात. पडल्यावर नडगीलाही कमी फाडतात. घ्या.

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम: फ्रेम फिरत नाही. तिच्यातले तीन-चारशे ग्रॅम तुम्हाला जाणवणार नाहीत, खिसा मात्र सगळा रिकामा होईल. आणि बेअरिंग होल्डरचे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये असले की एकदा गेले की गेले.

टायर आणि ट्यूब: वजन काढायचं ते इथून. युनिवर तोल राखायचा म्हणजे चाक सतत थोडं पुढे, थोडं मागे, वेग वाढव, वेग कमी कर. सायकलवाला एकदा वेग घेतला की तो टिकवतो, आपण प्रत्येक अर्ध्या फेऱ्यात चाकाशी बोलत असतो. कडेला असलेलं वजन वेग बदलताना दुप्पट मोजलं जातं, कारण ते पुढेही जातं आणि फिरतंही. तुमचा तारेच्या बीडचा २.३५ टायर हजार ग्रॅमच्या जवळपास असेल. त्याच मापातला घडी होणारा टायर सातशेच्या आसपास मिळतो. ब्यूटिल ट्यूब दोनशे ग्रॅमच्या घरात, टीपीयू नावाच्या हलक्या प्लास्टिकची शंभराच्या आत. म्हणजे चारशे ग्रॅम, सगळे परिघावरचे, आणि खर्च काही हजारांत.

पण दोन गोष्टी बघून. फार पातळ बाजूचा रेसिंग टायर घेऊ नका. युनिचं सगळं वजन एकाच टायरवर, वळताना बाजू दुमडते आणि चाक रस्त्याच्या कडेच्या उताराला ओढलं जातं. हवा कमी असली की हे ओढणं फारच वाढतं. दुसरं म्हणजे टीपीयू ट्यूबवर लिहिलेलं वाचा. काहींवर ‘फक्त डिस्क ब्रेकसाठी’ असं स्पष्ट असतं, रिम ब्रेकने रिम तापते म्हणून. आणि आपल्या पंक्चरवाल्याचा नेहमीचा पॅच टीपीयूला धरत नाही, तिचा वेगळा पॅच खिशात ठेवावा लागतो.

स्पोक कमी करायच्या फंदात पडू नका. ३६ च ठेवा. पेडलचा, ब्रेकचा आणि पडण्याचा सगळा जोर या एकाच चाकाने घ्यायचा आहे. चाक नव्याने बांधायची वेळ आली तर मधे बारीक असलेले २.०-१.८ चे डबल बटेड स्पोक घाला. ते हलकेही असतात आणि ताणही चांगला सांभाळतात.

---

चाकोरीबाहेर

नाना, गणिती, मृणालताई, इतक्या सविस्तर उत्तरांसाठी मनापासून आभार. सीट तपासली, खरंच खाली होती, वर घेतलीय.

आता ब्रेक. मगुरा की डिस्क? डिस्कसाठी फ्रेमवर टॅब वेल्ड करून घेता येईल का?

---

फ्रायबुर्गची_अनघा

मी ब्लॅक फॉरेस्टमध्ये २७.५ इंची मुनि (डोंगरवाटांची माउंटन युनि) चालवते, डिस्क ब्रेकवाली. त्याआधीच्या युनिला मगुराचा एचएस३३ होता. दोन्हींबद्दल सांगते.

एचएस३३ हा हायड्रॉलिक रिम ब्रेक. लिव्हर दाबला की तेलाच्या दाबाने दोन छोटे पिस्टन पॅडना सरळ रिमवर ढकलतात. सिस्टीम बंद असते, तेलाची टाकी नाही, पॅड झिजले की लिव्हरवरचा स्क्रू फिरवून अंतर भरून काढायचं. कोरड्या रस्त्यावर याचा ताबा अतिशय सुंदर आहे, आणि युनिवर ताबा हाच मुद्दा आहे. तोटे: रिम जरा आऊट (वाकडी) झाली की पॅड घासतो, चिखलात जोर उतरतो, आणि रिम हळूहळू झिजते.

डिस्कचे युनिवर दोन प्रकार. एकात रोटर (ब्रेकची चकती) हबवर, फ्रेमच्या आत. तो पडण्यापासून सुरक्षित असतो, पण जागा लागते म्हणून असे हब बऱ्याचदा १२५ मिमी रुंदीचे असतात आणि फ्रेमही तशीच लागते. दुसऱ्यात रोटर डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला बसतो, फ्रेमच्या बाहेर. हब १०० मिमीचाच चालतो, मात्र रोटर बसवता येईल असा खास क्रँक हवा. युनि पडणारच, आणि डाव्या बाजूला दगडावर पडली तर रोटर वाकू शकतो. मी चिखलामुळे डिस्क निवडला आणि माझ्यासाठी तो योग्य आहे.

तुमच्यासाठी मी तसं म्हणणार नाही. तुम्ही डांबरी घाटात चालवता, फ्रेमवर माउंट आहेत. टॅब वेल्ड करायचा तर पातळ क्रोमोली नळी, कॅलिपर रोटरला समांतर बसण्यासाठी मिलिमीटरच्या आतली अचूकता, आणि वर नवीन क्रँक. इतकं करून रस्त्यावर तुम्हाला काय जास्त मिळणार? वेग कमी असल्याने तापण्याचाही प्रश्न नाही. गणितींचे १४० वॅट पाऊण तास रिमला सहज पेलतात.

---

कात्रजचा_गणिती

अनघा, सहमत. त्याच कारणाने पुढे कोणी डिस्क घेतली तर १६० मिमीचा रोटर पुरे. २०३ लावला की तोच बोटाचा दाब जास्त पकडतो, आणि युनिवर अचानक पकडणारा ब्रेक म्हणजे चालवणारा पुढे हवेत.

---

मावळती

वाचतेय. मी नुकती चालवायला लागलेय, २४ इंची. ब्रेक दाबला की तोंडावर पडायला होत नाही का? मुळात दाबायचा कधी?

---

फ्रायबुर्गची_अनघा

@मावळती, युनिचा ब्रेक थांबण्यासाठी नाही. थांबायचं पायांनीच. ब्रेक ओढून ठेवायचा, अगदी हलका, सतत, आणि पेडल मात्र पुढेच मारत राहायचं. बरोबर जमलं की उतार सपाट रस्त्यासारखा वाटायला लागतो, पायांना मागे धरायला काही उरत नाही.

शिकायचा तो सपाटीवर, उतारावर नाही. मैदानात चालवता चालवता एका बोटाने लिव्हरला नुसता स्पर्श कर. पॅड लागल्याचा आवाज येईल एवढंच. तेवढ्या ओढीवर चालवत राहा. मग किंचित जास्त. लिव्हर सीटच्या पुढच्या हँडलखाली असा बसव की हँडल धरलेल्या हाताचं एकच बोट पोचेल, दुसरा हात तोलाला मोकळा. लिव्हरचं अंतर स्क्रूने जवळ आणून घे, बोट ताणावं लागलं की दाब धक्क्याने जातो.

पण २४ इंचीवर शिकतेस तर आत्ता ब्रेक नको. पायांनी मागे धरणं आधी अंगात मुरू दे.

---

छत्तीस_इंची

इथे एक वेगळा सूर लावतो. हलकं चाक नेहमीच चांगलं, असं नाही. मी ३६ इंची चालवतो. तिचं जड चाक एकदा फिरायला लागलं की क्रँक उभे असताना, जिथे पायांचा काही जोर लागत नाही, तिथून स्वतःच पुढे नेतं. खड्डा, छोटा दगड, वाऱ्याचा झोत, काही कळत नाही. ब्रिटनचा एड प्रॅट २०१५ ते २०१८ मध्ये ३६ इंचीवर सामान लादून जगप्रदक्षिणा करून आला. लांब पल्ल्याला ही फिरती जडशीळ स्थिरता उपयोगी पडते. ९० फेऱ्यांना ताशी साडेपंधरा किमी मिळतात ते वेगळंच.

हलका टायर लावून २९ इंची चपळ होईल, पण जरा चंचलही होईल. सवय करून घ्यावी लागेल.

---

स्पोकवाला_नाना

छत्तीसराव, सपाट रस्त्यावर मान्य. घाटातल्या वळणांवर, जिथे वेग पाचावर येतो, तिथे तेच जड चाक परत वेगात आणायला तुमच्याच मांड्या लागतात. चाकोरीबाहेर घाटवाले आहेत, त्यांच्यासाठी मी हलक्याच्या बाजूने.

---

छत्तीस_इंची

नाना, घाटासाठी मान्य. मी सिंहगडावर ३६ नेत नाही, तेही याच कारणाने.

---

रानवाटा

वजनाबद्दल माझा अनुभव थोडा वेगळा. आम्ही मुळशी-ताम्हिणीच्या बाजूला पायवाटांवर मुनि नेतो. निम्मा वेळ ती खांद्यावर असते. तिथे एक-एक ग्रॅम खांद्याला कळतो, मग तो टायरचा असो की फ्रेमचा. तुम्ही पुढे पायवाटांकडे वळणार असाल तर फ्रेमचा विचार तेव्हा करा, डिस्क टॅबवालीच घ्या. पावसाळ्यातल्या आपल्या लाल चिखलात रिम ब्रेकचं खरं नाही. पॅडमध्ये खडे रुततात आणि रिमवर कानस फिरवल्यासारखा आवाज येतो.

---

सह्यवेडा

गिअर हबचं कोणी बोललं नाही. श्लुम्फ?

---

छत्तीस_इंची

स्विस हब. १:१ आणि १:१.५ असे दोन गिअर, आसाच्या टोकाची कळ टाचेने दाबून बदलायचे. २९ इंची जणू साडेत्रेचाळीस इंची होते. सपाटीवर अप्रतिम चीज आहे, पण वजन वाढवते आणि किंमत धागाकर्त्याच्या बजेटच्या कितीतरी पलीकडे. या धाग्यापुरतं बाजूला ठेवूया.

---

कात्रजचा_गणिती

ब्रेकने आणखी एक दार उघडतं, ते सांगायचं राहिलं. क्रँकची लांबी.

आखूड क्रँकवर पाय लहान वर्तुळात फिरतात, चाल गुळगुळीत होते, गुडघा कमी वाकतो. विनाब्रेक घाट उतरणारा लांब क्रँक लावतो तो बराचसा उतारावर धरायला सोपं जावं म्हणून. १३७ मिमीवर तोच उतार धरायला साडेनऊ टक्के जास्त जोर लागतो, १२७ वर अठरा टक्के. ब्रेक आला की ही अडचण संपते.

चढाला मात्र लांबी लागतेच. म्हणून दोन छिद्रांचे क्रँक बघा, क्रिस होमच्या क्रँकमध्ये १२७ आणि १५० मिमी अशी जोडी मिळते. कॅनडाचा हा गडी १९९९ पासून स्वतःच्या नावाने युनिचे भाग काढतोय आणि डोंगरात चालवणाऱ्यांनी त्याचे क्रँक भरपूर बडवलेत. १५० वर गड चढायचा, वर पोचलात की पेडल काढून आतल्या छिद्रात लावायचे, आणि १२७ वर ब्रेक धरून खाली. पंधराचा पान्हा किंवा एलन की सोबत असली की काम झालं. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, एवढं घाईत विसरू नका.

---

फिजिओ_मृणाल

आखूड क्रँकबद्दल दुजोरा. वर आलेल्या पेडलवर गुडघा कमी वाकतो, म्हणजे वाटीवरचा दाबही कमी. फक्त १५० वरून एकदम १२७ वर जाऊन लगेच पूर्ण घाट करू नका, आधी सपाटीवर सवय होऊ द्या. आणि क्रँक आखूड झाला की पेडल खाली तेवढं कमी जातं, सीट त्या हिशोबाने थोडी वर घ्यावी लागेल.

---

चाकोरीबाहेर

ठरलं. एचएस३३, रिम ब्रेकला चालणारी टीपीयू ट्यूब, घडी होणारा २.२५ टायर, नायलॉनचे पेडल. शिपिंग आणि कस्टम धरून बजेट संपतं. दोन छिद्रांचे क्रँक दिवाळीनंतर. कार्बन, टायटॅनियम आणि नवी फ्रेम यादीतून बाद. ब्रेक हातात आला की बसवताना प्रश्न विचारेन.

---

स्पोकवाला_नाना

बसवण्याचं आत्ताच सांगून ठेवतो.

होज (तेलाची नळी) सायकलच्या मापाची येईल, तुमच्यासाठी फारच लांब. सीट सगळ्यात वर असतानाचं अंतर मोजा, त्यात हाताच्या पंज्याएवढी ढील धरा, मगच कापा. कापताना नवं ब्लेड, होज लाकडाच्या तुकड्यावर आडवी, काप काटकोनात. तिरका काप म्हणजे तेलाची गळती ठरलेली. पितळेचं ऑलिव्ह (होजच्या टोकाची कडी) एकदाच वापरायचं, जुनं परत घालू नका. मग दोन सिरिंजनी तेल भरा. एक खाली पिस्टनजवळ, एक वर लिव्हरला, आणि तेल खालून वर ढकलायचं. बुडबुडे निघायचे थांबेपर्यंत लिव्हरवर हलकेच टकटक करत राहा. हे सगळं युनिवर न करता टेबलावर करा, लिव्हर व्हाइसमध्ये आडवा धरून. सीटखाली बसवल्यावर लिव्हरचा कोन असा होतो की कोपऱ्यात हवा अडकून बसते. मिनरल ऑइलच वापरायचं, दुसरं कुठलंही ब्रेक फ्लुइड घातलंत तर आतले रबर फुगून ब्रेक कायमचा जाईल. पॅड या कामात खोलीबाहेर ठेवा, तेलाचा थेंब लागला तर ते फेकावे लागतात.

होज फ्रेमच्या पायावरून घट्ट बांधा. सुटी राहिली तर मांडीला घासेल किंवा टायरमध्ये जाईल.

चाक परत बसवताना बेअरिंग कॅपचे बोल्ट दोन्हीकडे सारखे, हळूहळू आवळा. जास्त आवळले की बेअरिंग आवळून चाक जड फिरतं, मग हलका टायर लावून उपयोग काय. चाक हाताने सोडून बघा, डुलत डुलत थांबलं पाहिजे, झटक्यात नाही.

---

चाकोरीबाहेर

अपडेट. सगळं बसवलं, तेल भरलं, आधी मैदानात आणि मग चांदणी चौकाच्या उतारावर चालवून पाहिलं. युनि आता साडेसहाच्या थोडी वर भरते, ब्रेकचं वजन धरून. चाक वळायला लक्षात येण्याइतकं चपळ झालंय, छत्तीस इंची म्हणाले तसं थोडं चंचलही. ब्रेकबद्दल अनघाताई म्हणाल्या ते शब्दशः खरं: हलकी ओढ धरली की उतारावर पेडल मारत जाता येतं.

एक प्रश्न. ब्रेक हलका धरला की प्रत्येक फेऱ्यात एकदा बारीकसा झटका बसतो, ठरावीक जागी. चाकाची आऊट मी बघितली, सरळ आहे. सायकलवर कदाचित कळलाही नसता, पण इथे त्या झटक्याला अंग पुढे जातं.

---

फ्रायबुर्गची_अनघा

रिमचा जोड असणार. व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला नख फिरवून बघा, कड लागेल.

---

स्पोकवाला_नाना

अनघा बरोबर. जोड पिनांनी बसवलेला असला की एक बाजू केसभर वर राहते. पॅड तिथे आपटतो. बारीक एमरी पेपर सपाट लाकडी ठोकळ्याला गुंडाळा आणि फक्त ती कड उतरवा, दोन्ही बाजूंना. घासत बसू नका, रिमची भिंत पातळ होते. दर चार-पाच हातांनी नख लावून बघा, अडायचं थांबलं की बास. मग स्पिरिटने पुसून काढा आणि पॅडवर रुतलेले अ‍ॅल्युमिनियमचे कण टोकदार सुईने उपटून टाका.

पॅडही बघून घ्या. पूर्ण सपाट रिमवर टेकतात की वरची कड आधी लागते? क्लॅम्प ढिला करा, लिव्हर दाबून पॅड रिमवर बसवा, दाबलेलाच ठेवून क्लॅम्प आवळा. पॅडची वरची कड टायरला लागता कामा नये, टीपीयू आत असताना तर अजिबात नाही.

धीर होत नसेल तर कड मी काढून देतो. शनिवारी दुपारनंतर दुकानात असतो, चाक तेवढं सोडवून आणा. पत्ता व्यनिने (वैयक्तिक निरोपाने) पाठवतो.

---

चाकोरीबाहेर

कड सापडली, नखाला अडकते आहे. डाव्या बाजूला जास्त. शनिवारी चाक घेऊन येतो नाना.

---

मावळती

नाना, मी पण येऊ का बघायला? माझ्या २४ इंचीचा डावा क्रँक सारखा सैल होतोय, चौकोनी आसाचा आहे.

---

स्पोकवाला_नाना

या, आणि तोपर्यंत ती अजिबात चालवू नका. चौकोनी आसावर सैल क्रँक पुढे-मागे हलून छिद्र मोठं करतो, मग कितीही आवळला तरी बसत नाही. क्रँक अजून शाबूत असेल तर साफ करून नीट आवळून देतो, नसेल तर बदलावा लागेल.